१२० कमांडोंचा तलाव

आमच्या आरमोरी तालुक्यात पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पावलांचा आवाज येतो. पोलीस भरतीचं ग्राउंड मारायला निघालेली ही मुलं-मुली. मुलांनी १६०० मीटर आणि मुलींनी ८०० मीटर धावायचं, मग १०० मीटर, मग गोळाफेक. त्यांच्यातले काही संध्याकाळी माझ्याकडे गणित शिकायला येतात. परवा भिंतीवरच्या नकाशात एकाचं बोट बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियावर थांबलं. ‘‘सर, येवढ्याशा देशाले कमांडो किती लागत असतीन जी?’’ मागून एका मुलीने विचारलं, ‘‘आन् पोरीईले घेतेत का तिथं?’’

दोन्ही प्रश्न मला फार आवडले, कारण दोन्हींची उत्तरं बंदुकीत नाहीत, गणितात आहेत.

एस्टोनियाची लोकसंख्या साधारण पावणेचौदा लाख. २०११च्या जनगणनेत आपल्या गडचिरोली जिल्ह्याची होती पावणेअकरा लाखांच्या घरात. म्हणजे गडचिरोलीहून जरासाच मोठा लोकसमूह, आणि त्यातूनच सैनिक, वैमानिक, डॉक्टर, संगणकतज्ज्ञ, सगळे उभे करायचे. शेजारी रशिया. अशा देशाने आपल्या विशेष दलाचा, म्हणजे कमांडोंच्या दलाचा, पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा विचार कसा करायचा?

आपल्याकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाकडे बघा. पावसाचं पाणी येतं, पाटाने शेतात जातं, आणि पाळीच्या आत जे उरतं ते आपल्या डोळ्यांना दिसतं. विशेष दलही असंच असतं. आपण म्हणतो, ‘त्यांच्याकडे १२० कमांडो आहेत.’ ती झाली पाण्याची पातळी. पण दरवर्षी किती येतात आणि आलेला माणूस किती वर्षं टिकतो, हे कळल्याशिवाय त्या आकड्यावरून पुढचं काहीच सांगता येत नाही. या तिघांचं नातं अमेरिकी गणिती जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलं: पातळी म्हणजे आवक गुणिले मुक्काम. धान खरेदी केंद्रावरच्या ट्रॅक्टरच्या रांगेलाही हाच नियम लागू पडतो.

आता एक कल्पित दल घेऊ. आकडे माझे, हिशोब मात्र खरा. १२० तयार कमांडो, प्रत्येकाचा मुक्काम सरासरी ८ वर्षं. म्हणजे पातळी तशीच राखायला दरवर्षी १५ नवे हवेत. निवडीत सहांतला एक टिकत असेल, तर दरवर्षी ९० उमेदवार उभे करावे लागतील. प्रशिक्षण दोन वर्षांचं.

सरकारने ठरवलं, पाच वर्षांत १२० चे १८० करायचे. दीडपट वाढ, म्हणून भरतीही दीडपट करू, असं कोणालाही वाटेल. पण पहिली दोन वर्षं प्रशिक्षणातून जुन्याच तुकड्या बाहेर पडणार, त्यामुळे पातळी तिथेच. उरलेल्या तीन वर्षांत ६० जण वाढवायचे म्हणजे वर्षाला २०. शिवाय दल मोठं होईल तशी गळतीही वाढून साधारण १९ वर जाईल. म्हणजे वर्षाला ३९ तयार कमांडो, आणि त्यासाठी २३४ उमेदवार. वाढ दीडपट, पण उमेदवार अडीचपटीहून जास्त. छोट्या देशात ते यायचे कुठून? मग चाचणी सैल करण्याचा मोह होतो, आणि दलाची खरी घसरण तिथून सुरू होते.

दुसरी वाट आहे. आवक १५ च ठेवा, मुक्काम ८ वरून १२ वर्षं करा. १५ गुणिले १२, १८०! याला वेळ लागेल, पण एकही जादा उमेदवार नको. म्हणजे गुडघे-पाठीची दुखणी वेळेत बघणारा डॉक्टर, बायको-मुलांना बरं घर आणि घरी काढता येतील एवढे दिवस, यांचं मोल नव्या रायफलीपेक्षा जास्त निघू शकतं. वर्गात हा हिशोब फळ्यावर मांडला तेव्हा मुलं गप्प झाली. त्यांच्यातल्या दोघांचे वडील पोलिसात आहेत.

वेळेची गोष्ट धान लावणाऱ्याला वेगळी सांगायला नको. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकले नसतील तर रोवणीच्या दिवशी कितीही पैसे मोजा, बांधी रिकामीच राहणार. निवृत्त अमेरिकी कर्नल जॉन कॉलिन्स यांनी १९८७ मध्ये विशेष दलांबद्दल काही सूत्रं मांडली, त्यांतलं एक नेमकं हेच आहे: संकट आल्यावर असं दल तयार करता येत नाही. २०४० मध्ये तुकडीचा अनुभवी नायक असेल, तो आज शाळेत आहे. आणि एस्टोनियाच्या शाळा रिकाम्या होत चालल्यात. २०२३ मध्ये तिथे जेमतेम ११ हजार मुलं जन्मली. त्यांत मुलगे साडेपाच हजार. २०४१ मध्ये अठरा वर्षांचे होतील ते एवढेच. हा आकडा आता कोणत्याही सरकारला वाढवता येणार नाही.

इथे त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर येतं. छोटे देशही मुलींना घेतात. साधारण ५५ लाख लोकसंख्येच्या नॉर्वेने २०१४ मध्ये ‘जेगरट्रोपेन’ ही फक्त मुलींची विशेष तुकडी सुरू केली. अफगाणिस्तानात पुरुष सैनिकांना तिथल्या बायकांशी बोलता येत नव्हतं, ही अडचण त्यामागे होती. पण तलावाच्या हिशोबाने पाहिलं तर नॉर्वेने आजवर बाजूलाच राहिलेला अर्धा ओढा आत वळवला.

माणसं तयार झाली, तरी त्यांना नेणार कोण? २४ एप्रिल १९८० रोजी इराणमधल्या ओलिसांच्या सुटकेसाठी अमेरिकेने ८ हेलिकॉप्टरं पाठवली. पुढे जायला किमान ६ हवी होती, वाळवंटातल्या थांब्यावर धड अवस्थेत उरली ५. मोहीम सोडावी लागली, आणि परतताना हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ जण गेले. एक हेलिकॉप्टर धड पोचण्याची शक्यता ९० टक्के धरली, तर आठांतली निदान सहा पोचण्याची शक्यता ९६ टक्के येते. धुळीने ती ७५ टक्क्यांवर आणली, तर उत्तर एकदम ६८ वर घसरतं. आणि मुळात सहाच असतील तर? प्रत्येक ९० टक्के भरवशाचं असूनही सहाच्या सहा पोचण्याची शक्यता फक्त ५३ टक्के. जादाची दोन हेलिकॉप्टरं ही चैन नव्हे, पण छोट्या देशाला तीच परवडत नाहीत.

त्यावरचा उपाय आपल्या गावांना जुना आहे: इर्जिक, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं काम उरकणं. बेल्जियम, नेदरलंड्स आणि डेन्मार्क यांनी २०१७ मध्ये विशेष दलांसाठी एक सामायिक मुख्यालय उभं करायचं ठरवलं. प्रत्येकाची तुकडी आपापली, पण मोहीम चालवणारी वरची यंत्रणा तिघांची.

एक गोष्ट मात्र कोणाकडून उसनी मिळत नाही. गडचिरोली पोलिसांचं सी-६० पथक १९९० मध्ये ६० जवानांवर उभं राहिलं. लष्करी दल नव्हे, पोलीसच. ते जवान याच जिल्ह्यातले होते. गोंडी, माडिया बोलणारे, कोणता नाला कोणत्या महिन्यात उतरता येतो ते लहानपणापासून जाणणारे. हे ज्ञान कोणत्याही प्रशिक्षणात दोन वर्षांत येत नाही. छोट्या देशाचं दल आपल्याच जंगलात, आपल्याच लोकांत लढणार असेल, तर त्याची खरी ताकद तीच असते.

मग निवड करताना मोजायचं काय? इथे संख्याशास्त्रातला एक सापळा आहे. निवडल्या गेलेल्या कमांडोंचे धावण्याचे वेळ आणि पुढची कामगिरी ताडून पाहिली, तर दोन्हींचा फारसा संबंध दिसणार नाही. त्यावरून ‘धावण्याला महत्त्व नाही’ म्हणणं चूक ठरेल. मंद धावणारे चाचणीतच गळाले, ते यादीत नाहीतच. उरलेले सगळे वेगवान, मग त्यांच्यात फरक दिसणार कसा? म्हणून नापास झालेल्यांच्या नोंदीही तितक्याच जपाव्या लागतात. वर्षाला १५ च माणसं तयार होत असतील, तर एखादी चाचणी खरंच उपयोगाची आहे का हे कळायला दहा-दहा वर्षांच्या नोंदी जमवाव्या लागतात. नोंद ठेवायला आज सुरुवात केली तर दहा वर्षांनी काही सांगता येईल.

पहाटेच्या धावण्याची एक वही आम्ही या महिन्यापासून सुरू केली आहे. तारीख, १६०० किंवा ८०० मीटरचा वेळ, आदल्या रात्रीची झोप, दुखापत. त्या मुलीने स्वतः पट्टीने रकाने आखले. शेवटचा रकाना तिनेच सुचवला: जो यायचा थांबला, तो का थांबला.