पाय बांधला, तरी कळ वाढतेच आहे?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ट्रॅक्टरची ट्रॉली उलटते, नडगीचं हाड मोडतं. हाडवैद्य बांबूच्या कामट्या लावून पाय करकचून आवळतो. रात्री पेशंट विव्हळतो, "पाय भलता दुखी ऱ्हायना." घरचे समजूत घालतात, हाड मोडलंय, दुखणारच. घात होतो तो इथेच.

गुडघ्याखाली स्नायूंचे चार कप्पे असतात. प्रत्येकाभोवतीचं आवरण चिवट, न ताणणारं. आत रक्त साचलं, सूज आली की दाब वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्या मिटतात. मोठ्या धमनीतलं रक्त मात्र वाहतच राहतं. म्हणून पावलाची नाडी लागते, बोटं गरम असतात आणि आत स्नायू मरत असतो. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहणं, ही यातली सगळ्यात महागात पडणारी चूक. साधारण ६ तासांनंतर झालेलं नुकसान बहुधा भरून येत नाही. आवळून बांधलेल्या हाताची बोटं कायमची आखडतात, हे जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवलं होतं.

इंजेक्शन देऊनही न थांबणारी, दुखापतीच्या मानाने फारच जास्त कळ ही पहिली खूण. पायाचा अंगठा हलकेच खाली वाकवून पाहा. नडगीलगतच्या स्नायूत जीवघेणी कळ आली, तिथला भाग टणक लागला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात मुंग्या आल्या, तर थांबू नका. लहान मूल नीट सांगू शकत नाही. ते सारखं कळवळतं, पुन्हा पुन्हा औषध मागतं.

आधी सगळं बांधलेलं सैल करा. प्लास्टर असेल तर दवाखान्यात ते आतल्या कापसासकट त्वचेपर्यंत कापायला हवं. पाय हलू नये म्हणून आधार द्या, पण आवळू नका. चोळू नका. उशांवर उंचही ठेवू नका, त्याने रक्तपुरवठा आणखी घटतो. हृदयाच्या पातळीत राहू द्या.

डॉक्टर सुईने कप्प्यातला दाब मोजू शकतात. रक्तदाबाचा खालचा आकडा आणि हा दाब यांतलं अंतर ३० मिलिमीटरच्या आत आलं की शस्त्रक्रिया लागते. लक्षणं स्पष्ट असतील तर मोजण्यासाठीही थांबू नये. लांब छेद देऊन चारही कप्पे मोकळे करतात आणि जखम काही दिवस उघडीच ठेवतात. ती पाहून नातेवाईक हादरतात, पण पाय त्यानेच वाचतो.

धडगावहून घाट उतरून नंदुरबार, तिथून धुळं गाठायचं तर वाटेतच तास जातात. म्हणून पाठवण्याआधीच पट्ट्या सोडा, पुढच्या दवाखान्याला फोन करा आणि चिठ्ठीवर दुखापतीची वेळ ठळक लिहा.