किनाऱ्यावरची डर्ट बाइक आणि मिठाचे रसायन

पावसाळाभर मांगरात किंवा पडवीत उभी राहिलेली छोटी, स्वस्तातली डर्ट बाइक (कच्च्या रस्त्यांवर, मातीत चालवायची हलकी मोटरसायकल) दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढली, की बहुधा चालू होत नाही. देवगड, गुहागर, हर्णै अशा समुद्रालगतच्या गावांत तर हा नेहमीचा अनुभव आहे. किक मारून पाय दुखू लागले, की संशय इंजिनावर जातो आणि पाने घेऊन ते उघडण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उभ्या गाडीचा पिस्टन किंवा गिअर झिजत नाहीत. या काळात बिघाड होतो तो पेट्रोल, ओलावा आणि मीठ यांच्या रासायनिक क्रियांमुळे, आणि त्यातला बराचसा घरच्या घरी, मोजक्या हत्यारांनी दुरुस्त करता येतो.

या वर्गातल्या ११० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांचे आडवे, एका सिलिंडरचे इंजिन होंडाने १९५८ साली बाजारात आणलेल्या सुपर कबच्या इंजिनाच्या घराण्यातले असते. रचना साधी असल्याने तपासणीही साधी आहे. स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा भाग) काढून त्याच्या भोकावर अंगठा दाबून धरावा आणि किक मारावी. हवा अंगठ्याला जोराने ढकलत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा हवेचा दाब, कामापुरते आहे. मग प्लग त्याच्या वायरीच्या कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा आणि ठिणगी पाहावी. हे करताना प्लग त्याच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून दूर असला पाहिजे, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. उघड्या हवेत दिसलेली ठिणगी सिलिंडरमध्ये पडेलच असे मात्र नाही. दाबाखालच्या हवेतून ठिणगी पाडायला अधिक व्होल्टेज लागते, म्हणून ठिणगी पिवळट, अशक्त दिसली तर प्लगमधली फट (साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर) तपासावी आणि अर्थिंगच्या वायरीखालचा गंज खरवडून काढावा.

कॉम्प्रेशन आणि ठिणगी ठीक असूनही गाडी चालू होत नसेल, तर दोष इंधनाचा समजावा. आपल्याकडे आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल पाण्यात सहज मिसळते आणि दमट हवेतला ओलावा शोषून घेते. थोडे पाणी ते आपल्यात सामावून घेते. मात्र मर्यादा ओलांडली, की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्याने टाकीच्या तळाशी जातात. कार्बोरेटरकडे (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागाकडे) जाणारी नळी तळातूनच निघते, त्यामुळे इंजिनाला पहिला घोट या पाणचट थराचा मिळतो. काचेच्या स्वच्छ बाटलीत टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल घेऊन ते स्थिर ठेवले, तर दोन थरांमधली रेषा डोळ्यांना दिसते. टू-स्ट्रोक गाडीत तर हा धोका अधिक मोठा आहे, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल वरच्या थरात राहते आणि खालचा थर वंगणाशिवायच सिलिंडरमध्ये पोचून पिस्टन जाम करू शकतो. असे पेट्रोल पुन्हा वापरू नये.

कार्बोरेटर उघडल्यावर फ्लोट चेंबरमध्ये (त्यातल्या पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या कप्प्यात) बहुधा दोन गोष्टी आढळतात. एक म्हणजे पेट्रोलमधले हलके घटक उडून गेल्यावर उरलेल्या भागाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन बनलेला तपकिरी, चिकट डिंक. दुसरी म्हणजे ओलाव्याने धातू खाल्ला गेल्याची पांढरी भुकटी. खरा अडथळा असतो तो पायलट जेटमध्ये. गाडी चालू होताना आणि आयडलिंगवर (जागेवर उभी राहून नुसती चालू) असताना लागणारे इंधन पितळेच्या या नळीतून येते, आणि तिचे भोक अनेक गाड्यांत अवघे ०.३५ ते ०.४ मिलिमीटर असते. हे भोक ०.३५ वरून ०.३० मिलिमीटर झाले, म्हणजे त्याच्या कडेवर केसाहूनही पातळ थर बसला, तरी त्याचे क्षेत्रफळ सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी घटते आणि मिश्रण त्या प्रमाणात विरळ होते. चोक (हवा कमी करून मिश्रण दाट करणारा खटका) ओढल्याशिवाय गाडी चालू राहत नाही, या तक्रारीचे कारण बऱ्याचदा हेच असते. जेट उजेडाकडे धरून पाहावा. पलीकडे गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारूनही ठिपका वेडावाकडा दिसत असेल, तर लवचीक वायरीतली तांब्याची एकच बारीक तार त्यातून फिरवावी. स्टीलची सुई कधीही घालू नये. पितळ मऊ असते. सुईने भोक मोठे होते आणि ते पुन्हा लहान करता येत नाही.

बोल्टांची गोष्ट अधिक किचकट आहे. स्वस्त गाडीत साध्या पोलादाचे, पातळ मुलाम्याचे बोल्ट थेट इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) पिळलेले असतात. दोन वेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये खारट ओल असली, की तिथे बॅटरीसारखी क्रिया सुरू होते, आणि या जोडीत झीज होते ती ॲल्युमिनियमची. किनाऱ्यावर ही ओल सहसा सुकत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की साधे मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते. समुद्री मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलावते. झिजलेल्या ॲल्युमिनियमची पांढरी संयुगे मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतात, आट्यांमध्ये गच्च भरतात आणि बोल्ट जाम होतो. जोर लावला तर बोल्ट तुटतो, नाहीतर केसिंगचे आटे बाहेर येतात.

इथे उष्णता कामी येते. एक अंश सेल्सिअस तापमान वाढल्यावर ॲल्युमिनियम दहा लाखांत साधारण २३ भागांनी प्रसरण पावते, तर पोलाद साधारण १२ भागांनी. म्हणून केसिंगवर उकळते पाणी ओतले, तर ६ मिलिमीटरचे भोक बोल्टपेक्षा सुमारे पाच हजारांश मिलिमीटरने जास्त रुंदावते. हा फरक नगण्य वाटतो, पण गच्च बसलेला थर तडकवायला त्याची मोठी मदत होते. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोडून ठेवावे, पाणी ओतल्यावर लगेच बोल्ट आधी किंचित आवळावा आणि मगच सैल करावा. पेट्रोलची टाकी जवळ असताना ज्योतीने तापवणे सर्वथा टाळावे.

गंज नको म्हणून अनेकजण त्या जागी स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घालतात. त्याने बोल्ट टिकतो, पण ॲल्युमिनियमची झीज थांबत नाही, उलट वाढू शकते. बोल्ट कुठलाही असो, आट्यांना ग्रीस लावूनच बसवावा, म्हणजे खारट पाणी आत शिरत नाही. पुळणीवरून (समुद्राच्या वाळूवरून) आलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, ते यासाठी चालणार नाही. सड्यावरची (कातळी पठारावरची) तांबडी धूळही सिलिंडरला घातक असल्याने फोमचा एअर फिल्टर धुऊन, वाळवून, ऑइल लावूनच परत घालावा.

मेअखेरीस, पाऊस लागण्यापूर्वी, पेट्रोल कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवावी, फ्लोट चेंबरचा तळाचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढावेत आणि टाकी रिकामी करावी. टाकी पत्र्याची असेल तर आतून ऑइलचा हात फिरवावा. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून किक दोन-तीनदा हळू दाबावी, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागावर ऑइलचा थर पसरतो. मग प्लग परत बसवावा आणि सायलेन्सरचे तोंड फडक्याने बंद करावे.