गाडी मागे घेतानाच ब्रेक का कुईकुईतात?

पावसाळ्यातल्या सकाळी बेळगावात टिळकवाडी, अनगोळ, शहापूरच्या गल्ल्यांत एक आवाज हमखास ऐकू येतो. फाटक उघडतं, गाडी मागे येते, ब्रेकवर पाय पडतो आणि ‘कुईंऽऽ’. पुढचा गिअर पडला की तीच गाडी मुकाट्याने काँग्रेस रोडला लागते. मेस्त्रीला विचारावं तर निकाल तयार असतो: “पॅड गेलेत बघा काका, बदलून टाकू.”

कधी कधी ते खरंही असतं. पण पॅड संपलेच असतील तर पुढे जाताना ब्रेक गप्प का राहतात? डिस्क (चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी) तीच, तिला दाबून धरणारा पॅड तोच, पायाचा जोरही साधारण तोच. बदलली ती फक्त चाक फिरण्याची दिशा. तेव्हा आवाजाचं मूळही दिशेतच शोधायला हवं.

हा आवाज डिस्क ब्रेकइतकाच जुना आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने 1902 साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात धातूवर धातू घासत असे आणि तो ब्रेक भयंकर किंचाळायचा. आवाज का होतो याचं सुरुवातीचं एक उत्तर 1938 मध्ये एच. आर. मिल्स यांनी मांडलं. घसरण्याचा वेग वाढला की घर्षण कमी होतं, त्यामुळे पॅड क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. शाळेत स्थितिक आणि गतिक घर्षण शिकलो, तीच गोष्ट. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. यात दिशेचा पत्ताच नाही.

दिशा आणली ती आर. टी. स्पर यांनी, 1961 मध्ये. मला हे स्पष्टीकरण फार आवडतं, कारण ते कुणालाही फळ्यावर करून बघता येतं. खडू तिरका धरा आणि टोक मागे ठेवून ओढत न्या. रेघ गुळगुळीत येते. आता तोच खडू त्याच तिरकेपणाने, टोक पुढे करून ढकला. खडू थडथडतो, रेघेऐवजी ठिपके उमटतात आणि वर्गातली पोरं कानात बोटं घालतात. खडू तोच आणि फळाही तोच. पण ढकलताना घर्षण खडूच्या टोकाला हाताखाली लोटतं, खडू उभा व्हायला बघतो आणि फळ्यात आणखी रुततो. रुतला की दाब वाढतो, दाब वाढला की घर्षण वाढतं, मग खडू आणखी रुततो. शेवटी तो किंचित वाकून सुटतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

थोडं गणित करू. वरच्या टोकाला खिळीवर फिरणारी एक तिरकी दांडी घ्या. तिचं खालचं टोक सरकत्या पृष्ठभागावर 100 एकक जोराने दाबलं आहे. पृष्ठभाग दांडीला रुतवणाऱ्या दिशेने सरकत असेल तर प्रत्यक्ष दाब येतो 100 भागिले (1 वजा घर्षणांक गुणिले कोनाचा टॅन्जंट). उलट दिशेला फक्त वजाच्या जागी अधिक येतं. घर्षणांक म्हणजे घर्षण भागिले दाब; ब्रेक पॅडचा तो साधारण 0.4 धरा. दांडी पृष्ठभागाशी 45 अंशांत असेल तर एका दिशेला दाब 167, दुसऱ्या दिशेला 71. कोन 60 अंश केला तर 326 आणि 59. 68 अंशांच्या आसपास पोहोचलो की भागाकाराखाली शून्य येतं, म्हणजे दांडी अडकूनच बसते. एका चिन्हाने केवढा फरक पडतो बघा.

गाडीत अशी सुटी दांडी नसते. पण पॅड कॅलिपरच्या, म्हणजे तो डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, ब्रॅकेटमध्ये दोन कानांवर टेकलेला असतो आणि थोडा हलू शकतो. पुढे जाताना फिरती डिस्क त्याला एका कानाकडे ओढते. रिव्हर्समध्ये तो किंचित सरकून दुसऱ्या कानावर टेकतो. हा दुसरा कान फारसा वापरात नसतो, म्हणून गंज, चिखल आणि खानापूर भागातली तांबडी धूळ तिथे निवांत साठते. त्यात पॅडही वर्षानुवर्षं पुढच्याच दिशेने घासून किंचित तिरपा झिजलेला असतो. आता त्याची मागची कड पुढची होते. पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनचा दाब, पॅडची टेकण्याची जागा आणि घर्षण यांची रेषाच बदलते. गप्प असलेली दांडी रुतणारी होते.

याच्याही पुढची पायरी आहे. डिस्कला स्वतःच्या कंपनांच्या ठरावीक वारंवारता असतात, पॅड आणि कॅलिपरलाही असतात. घर्षणामुळे आडवी आणि उभी कंपनं एकमेकांत गुंततात. समीकरणात ताठरपणाचं जे सारणीरूप कोष्टक येतं ते असममित होतं. मग शेजारच्या दोन वारंवारता सरकत एकत्र येतात आणि त्यातलं एक कंपन विरण्याऐवजी वाढत जातं. ज्यांना हे डोक्यावरून गेलं त्यांनी एवढंच धरून ठेवावं: चाकाच्या फिरण्यातली अगदी थोडी ऊर्जा आवाजात जाते, पण डिस्क ही मोठी सपाट तबकडी असल्याने तेवढीही पुरते. कुईकुई साधारण 1,000 ते 16,000 हर्ट्झमध्ये असते आणि आपले कान 2,000 ते 5,000 हर्ट्झला सर्वांत तिखट.

डिस्क करड्या बिडाची (ओतीव लोखंडाची) असते, यालाही कारण आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम केलेल्यांना सांगायला नको. हातोडीने ठोकलं तर करडं बीड ‘थड्’ म्हणतं आणि एसजी आयर्न (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते बीड) खणखणतं. करड्या बिडात ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं आणि ते कंपनं गिळतं. पण हेच बीड गंजतंही पटकन. रात्रभर पावसाची ओल लागली की सकाळी डिस्कवर तांबूस थर आलेला असतो. त्याने घर्षणांक 0.4 चा 0.5 झाला असं समजा. वरच्या 60 अंशांच्या दांडीवरचा दाब 326 वरून थेट 746 वर जातो. आणि सकाळी आपली पहिली हालचाल कोणती? गाडी मागे घेऊन फाटकाबाहेर काढणं. म्हणजे निम्मा दोष रिव्हर्सचा, निम्मा सकाळचा. दुपारी, ब्रेक चार-सहा वेळा वापरून झाल्यावर पुन्हा मागे घेऊन बघा. आवाज नसेल तर तो गंज होता, पॅड नव्हे.

मागच्या चाकांना ड्रम असेल तर गोष्ट निराळी. ड्रममध्ये दोन शू असतात, त्यांवर आपले मेस्त्री ज्याला लायनर म्हणतात ते असतं. पुढे जाताना एक शू फिरत्या ड्रमबरोबर आपोआप जास्त दाबला जातो, दुसरा अंग चोरतो. रिव्हर्समध्ये भूमिका बदलतात आणि अंग चोरणाऱ्यावर काम येऊन पडतं. त्याच्यावरची धूळ, तापून आलेली गुळगुळीत चकाकी तेव्हा बोलू लागते. ओळखायचं कसं? मोकळ्या सपाट जागी, मागे कुणी नाही हे बघून, चालण्याच्या वेगाने गाडी मागे घ्या आणि नुसता हँडब्रेक हळूच ओढा. बऱ्याच गाड्यांत तो फक्त मागच्या चाकांवर चालतो. आवाज आला तर मागे शोधा.

काचा खाली करून कंपाउंडच्या भिंतीलगत गाडी घेतली तर कुठलं चाक ते कळतं. मात्र रिव्हर्स हॉर्नची धून आधी बंद करा. तिच्यापुढे कुठल्या ब्रेकचं काही चालत नाही. ब्रेकला पाय न लावताही चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘खर्र’ येत असेल, तर डिस्कमागचा पत्रा वाकलाय किंवा खडा अडकलाय. आवाज सतत येतो आणि एकच चाक जास्त तापतं, तर कॅलिपर ज्यावर सरकतो ती पिन जाम झाली असेल. चोर्ला घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरल्यानंतर आवाज सुरू झाला असेल तर पॅडला चकाकी आली असेल. आणि ‘घर्र’ करून लोखंड लोखंडावर घासतंय, पेडलला थरथर जाणवतेय, तर गाडी तिथेच थांबवा. पॅड खरोखर संपलेत.

या आवाजावर खोबरेल तेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारायचे सल्ले मोबाइलवर फिरतात. आवाज बंद होतो, नाही असं नाही. ब्रेकही बंद होतो. पहिल्या दिवशी चाकाखाली लिंबू चिरडून गाडी आणली म्हणून तेल लागलेला पॅड डिस्क धरणार नाही. ‘सिरॅमिक पॅड घाला, आयुष्यभर आवाज नाही’ ही जाहिरातही त्याच जातीची. कान गंजलेला असेल तर नवा पॅडही कुईकुईतो.

मेस्त्रीला पॅड बदलण्याआधी ते काढून जाडी मोजायला सांगा. नवा पॅड सुमारे 10 ते 12 मिलिमीटरचा असतो, 3 च्या खाली गेला तर बदलावा. जाडी पुरेशी असेल तर ब्रॅकेटचे कान घासून साफ करणं, पिनांना उष्णता सोसणारं सिलिकॉन ग्रीस लावणं, पॅडमागची शिम (पातळ पत्रा) जागेवर आहे का बघणं आणि चकाकी आलेली असेल तर पॉलिश पेपर मारणं एवढं काम आहे. ग्रीस पिनांना आणि कानांना लावायचं, पॅडच्या तोंडाला नाही.