‘कोविड मृत्यू’ कोणाला म्हणायचे? मराठवाड्यातल्या वादाची पार्श्वभूमी

एप्रिल-मे २०२१ मध्ये मराठवाड्यात कुणाच्या घरी माणूस आजारी पडला की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारायचे, “स्कोर किती आलाय?” स्कोर म्हणजे छातीच्या एचआरसीटी स्कॅनवरून २५ पैकी दिलेला आकडा. कमी असला तर घरी गोळ्या, वाढला की बेडसाठी पळापळ. स्वॅबचा रिपोर्ट यायला दिवस लागत, स्कॅनची फिल्म त्याच दिवशी हाती पडे. त्या आकड्यावर घरच्यांनी भरवसा ठेवला, डॉक्टरांनीही ठेवला, उपचार त्यावरच झाले. माणूस दगावला आणि कागद करायची वेळ आली तेव्हा मात्र विचारणा झाली ती आरटीपीसीआरची. शासन आणि आरोग्य यंत्रणेने महामारी कशी हाताळली यावर इथे जो वाद झाला, त्याची गाठ माझ्या मते याच जागी बसली आहे.

साथ आणि सरकार यांचे भांडण म्हटले की १८९७ चे पुणे आठवते: प्लेग, घरझडती, रँडचा खून. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. पण तो इतिहास इंग्रजी अमलातल्या मुलखाचा. मराठवाडा निजामाकडे होता आणि इथल्या आठवणी वेगळ्या आहेत. प्लेग आला की गाव मोकळे करून रानात खोपी घालायच्या, पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेपार न्यायचा. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला लोकांनी ‘मानमोडी’ हे नाव ठेवले, ते म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात कालपरवापर्यंत होते. मेलेली माणसे कुठल्या खात्यात कशी लिहिली जातात, हा प्रश्न या आठवणींत कुठेच नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. १८९७ च्या कायद्याची व्याप्ती सांगणाऱ्या कलमात, १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी जी राज्ये ‘ब’ वर्गात होती त्यांचा प्रदेश वगळून, असे शब्द होते. हैदराबाद हे ‘ब’ वर्गातलेच राज्य, आणि मराठवाडा तेव्हा त्यातच होता. हे शब्द काढले गेले ते २०२० च्या दुरुस्तीत, म्हणजे महामारी दारात येऊन उभी राहिल्यावर. एवढी वर्षे कुणाला त्याची आठवण झाली नाही, यावरून साथीच्या तयारीत हा प्रदेश कुठे होता ते कळते.

दवाखान्यांचेही तसेच. औरंगाबादचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे घाटी, १९५६ पासूनचे, अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकातले, नांदेडचे १९८८ चे, लातूरचे २००२ चे. २०२० साली जालना, परभणी, हिंगोली आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) या चार जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. हिंगोलीचा अत्यवस्थ माणूस नांदेडला न्यायचा, जालन्याचा औरंगाबादला, उस्मानाबादचा लातूरला नाही तर सोलापूरला. सुरुवातीच्या आठवड्यांत तर स्वॅबसुद्धा पुण्याला जात होते.

पहिल्या लाटेतले वाद सर्वांना ठाऊक आहेत. नांदेडच्या हुजूर साहिबला टाळेबंदीत अडकलेले सुमारे ४ हजार यात्रेकरू एप्रिल २०२० च्या अखेरीस पंजाबात परतले, त्यातले बरेच बाधित निघाले आणि संसर्ग इथला की वाटेतला यावर दोन राज्ये एकमेकांकडे बोट दाखवू लागली. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे पायी निघाले होते. कारखान्यांच्या तळांवर अडकलेले ऊसतोड कामगार परत आले तेव्हा कित्येक गावांच्या वेशीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या, आलेल्यांना शाळेत नाही तर शेतात ठेवले गेले. प्लेगातली खोप नव्या रूपात परत आली, फरक एवढाच की या वेळी रानात गेले ते फक्त गरीब. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. आशाताईंनी दारोदार फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजला. मोहिमेच्या नावातली ‘जबाबदारी’ कुणाची, हा सवाल तेव्हाच उठला होता.

मार्च २०२१ मध्ये औरंगाबाद, नांदेड, बीड, परभणी सगळीकडे पुन्हा निर्बंध आले. औरंगाबादला तर मार्चअखेरीस लावायची संपूर्ण टाळेबंदी विरोध झाल्यामुळे ऐनवेळी मागे घेतली गेली. टाळेबंदी हवी होती की नको, यावर तेव्हा भरपूर शाई खर्च झाली. मला तो वाद मुख्य वाटत नाही, कारण पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जे घडले त्याने तो मागे पडला. एप्रिलच्या सुरुवातीला अंबाजोगाईत एका सरणावर ८ जणांना अग्नी द्यावा लागला. २५ एप्रिलला तिथेच एका रुग्णवाहिकेत २२ मृतदेह कोंबून स्मशानात नेल्याची छायाचित्रे देशभर गेली. गाड्या कमी आहेत, हे प्रशासनाचे उत्तर खरे होते आणि तेच सर्वांत मोठे आरोपपत्रही होते. केंद्राकडून घाटीला आलेल्या १५० व्हेंटिलेटरपैकी अनेक सदोष असल्याची तक्रार उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेली. यंत्रे वाईट की चालवणाऱ्यांना प्रशिक्षण नाही, यावर केंद्र आणि राज्य भांडत राहिले.

आता त्या शब्दाकडे येतो, कारण घराघरात शिल्लक राहिला तो हाच वाद.

‘कोविड मृत्यू’ हा शब्द बातमीपत्रात एका अर्थाने होता, रुग्णालयाच्या फाइलमध्ये दुसऱ्या आणि ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये तिसऱ्या. राज्याच्या रोजच्या तक्त्यात एक रकाना कोविड मृत्यूंचा आणि शेजारी दुसरा, ‘इतर कारणांमुळे मृत्यू’ असा. बाधित असूनही ज्याचे कारण वेगळे ठरवले गेले तो या दुसऱ्या रकान्यात. ठरवायचे कोण? जिल्ह्याची समिती, तीही नंतर, कागद पाहून. मधुमेह, रक्तदाब, किडनीचा आजार यांना मिळून ‘सहव्याधी’ हा शब्द त्याच वर्षी सर्वतोमुखी झाला. पन्नाशीच्या शेतकऱ्याला साखर असते, हे कुणालाही सांगायला नको. पण गोळ्या घेऊन रोज शेतात जाणारा माणूस दहा दिवसांत गेला, तर त्याला साखरेने मारले असे घरचे मानणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. देशाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने (आयसीएमआर) २०२० मध्येच मार्गदर्शन दिले होते की अशा मृत्यूंत मूळ कारण कोविड लिहावे, सहव्याधी नव्हे. चाचणीत विषाणू सापडला तर एक संकेतांक आणि लक्षणांवरून निदान झाले असेल तर दुसरा, अशी सोयही त्यात होती. म्हणजे स्कोरवाल्या माणसांसाठी जागा होती. ती वापरली गेली का, हा खरा प्रश्न. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात रात्री दोन वाजता कागद भरणाऱ्या डॉक्टरने लिहिले ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. हृदय आणि श्वास थांबणे हे मरणाचे कारण नाही, ते मरणच आहे. हे त्या डॉक्टरलाही माहीत होते. दोष एकट्या त्याचा नाही, बाहेर तीन रुग्णवाहिका उभ्या असताना फॉर्म नीट कोण भरणार? पण ती ओळ त्या घराला पुढे दोन वर्षे पुरली.

इथे आणखी एक गुंता आहे, तो फार कमी लोकांना कळला. मृत्यूचे कागद दोन. ग्रामसेवक किंवा नगरपालिका देते तो मृत्यूचा दाखला, आणि डॉक्टर भरतो ते मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४ (घरी मृत्यू झाला असेल तर ४-अ). जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे नोंदवहीच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करायला मनाई आहे. त्यामुळे हातात येणाऱ्या दाखल्यावर कारणाचा रकानाच नसतो. लोक मात्र तोच दाखला घेऊन हेलपाटे मारत होते, “यावर कोरोना लिहून द्या” म्हणत होते. ग्रामसेवक म्हणत होता मला अधिकार नाही, आणि ते अक्षरशः खरे होते. दवाखाना म्हणत होता तुमची कागदपत्रे वरती पाठवली. दोन खरी उत्तरे आणि मधे उभे घर.

आमच्या गल्लीतल्या मावशींचा सरकारी मदतीचा अर्ज मी भरला होता. ऑनलाइन केंद्रावर गर्दी, सर्व्हर डाऊन. मावशींनी पिशवीतून फिल्मचे मोठे पाकीट काढले. पाकिटावर पेनाने लिहिलेले १८/२५. काकांचा स्वॅब निगेटिव्ह आला होता, तो घेतला तेव्हा ताप येऊन आठवडा उलटून गेला होता. डिस्चार्ज कार्डावर ‘व्हायरल न्यूमोनिया’. मी म्हणालो, मावशी, यात पॉझिटिव्ह असा शब्दच नाही. त्या म्हणाल्या, “आरं बाबा, मग मला त्यान्ला हात का लावू दिला न्हाई? पिशवीत बांधून का दिलं?” याचे उत्तर कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हते.

एवढी ओढाताण का, तर पैशाचा प्रश्न पहिल्या दिवसापासून त्या शब्दाला बांधलेला होता. १४ मार्च २०२० रोजी केंद्राने कोविडला आपत्ती ठरवणारे पत्र काढले, त्यात मृताच्या वारसांना ४ लाख रुपये होते. त्याच दिवशी ते पत्र बदलून रक्कम काढून टाकली गेली. पुढे हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० जून २०२१ च्या निकालात न्यायालयाने सानुग्रह मदतीचे निकष ठरवायला आणि दाखल्याची पद्धत सोपी करायला सांगितले. सप्टेंबरात नियम आले: चाचणीच्या किंवा रुग्णालयातल्या निदानाच्या तारखेपासून ३० दिवसांत झालेला मृत्यू कोविडचा धरायचा, मग तो घरी झालेला असला तरी. रक्कम ठरली ५० हजार. वाद असल्यास जिल्हा समितीकडे दाद. ४ ऑक्टोबरला न्यायालयाने स्पष्ट केले की दाखल्यावर कोविड नाही एवढ्या कारणाने मदत नाकारता येणार नाही. ‘रुग्णालयात डॉक्टरने केलेले निदान’ चालेल, या शब्दांनी स्कोरवाल्यांना अखेर दार उघडले. दवाखान्याची पायरीच न चढता गेले, त्यांना ते दारही नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये बेड न मिळाल्याने घरी परत आणलेली माणसे कोणत्या रुग्णालयाचे निदान दाखवणार?

नियम सैल झाल्यावर काय दिसले ते आकडेच सांगतात. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयापुढे आलेल्या माहितीत महाराष्ट्रात नोंदलेले मृत्यू १ लाख ४१ हजारांच्या घरात होते आणि मदतीचे अर्ज २ लाखांहून जास्त. त्याआधी जून २०२० आणि जून २०२१ मध्ये राज्याने आकड्यांची जुळवणी करून मागे राहिलेले मृत्यू मिळवले होते, दुसऱ्या वेळी हजारोंनी. खासगी रुग्णालयांनी पोर्टलवर नोंदी उशिरा केल्या, असे कारण सांगितले गेले. ते काही अंशी पटते. अर्जांची संख्या जास्त म्हणजे लोक खोटे, असाही सूर तेव्हा निघाला. बनावट अर्ज असतीलही. पण ज्या भागात स्वॅबपेक्षा स्कॅन लवकर मिळत होता, तिथे नोंद कमी आणि अर्ज जास्त असणार, हे समजायला चौकशी लागत नाही. ऑक्सिजनचेही तेच झाले. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत सांगण्यात आले की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी कळवलेले नाही. कळवायला तसा रकाना तरी हवा.

नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लस घेतल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय पेट्रोल, गॅस, रेशन नाही असा आदेश निघाला. लसीचा कागद पंपावर तपासणारी यंत्रणा त्याच महिन्यात मृत्यूचा कागद द्यायला महिनोन्महिने लावत होती. लस घ्यायलाच हवी होती, त्यात दुमत नाही. कडकपणा मात्र एकाच बाजूला होता.

नंतर इथल्या बऱ्याच गोष्टी बदलल्या. राहिलेल्या चारही जिल्ह्यांना वैद्यकीय महाविद्यालये मिळाली, २०२२ ते २०२४ या काळात ती सुरू झाली. कोविडमध्ये पती गमावलेल्या बायकांसाठी ‘एकल महिला’ हा शब्द सरकारी कागदात रुळला आणि ‘मिशन वात्सल्य’ या सरकारी योजनेखाली तालुका समित्या झाल्या. २०२३ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली. मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची, असे आता कायद्यातच लिहिले आहे. ही दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली.

त्याच सुमारास, ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरच्या चोवीस तासांत, नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळे होती. औषधे नव्हती, असे नातेवाईक म्हणाले. औषधांचा तुटवडा नव्हता, रुग्ण लांबून आणि शेवटच्या अवस्थेत आले होते, असे प्रशासन म्हणाले. बाळांच्या कागदांवर कारण काय लिहायचे आणि कारण काय होते, यावर पुन्हा तोच वाद सुरू झाला.