आधी वर्गणी, मग देणगी

मार्च २०२० च्या अखेरीला टाळेबंदी लागली आणि खेळाडूंच्या देणग्यांचे आकडे बातम्यांत झळकू लागले. सचिन तेंडुलकरचे ५० लाख, निम्मे केंद्राला आणि निम्मे राज्याला. रोहित शर्माचे ८० लाख, त्यातले ५ लाख भटक्या कुत्र्यांसाठी. त्यात सुनील गावसकरांचा आकडा जरा विचित्र होता, ५९ लाख. पन्नास का नाही, साठ का नाही? ३५ लाख पंतप्रधानांच्या निधीला आणि २४ लाख मुख्यमंत्री निधीला. खुलासा त्यांच्या मुलाने केला. गावसकरांची भारतासाठी ३५ शतकं, मुंबईसाठी २४. एका शतकाला एक लाख.

हा हिशेब मला आवडतो. देणगीचा आकडा बँकेच्या खात्यावरून नाही, धावफलकावरून ठरला. खेळातून जे मिळालं ते खेळाच्याच मापाने परत. पण आज खेळाडू देतो आणि आपण टाळ्या वाजवतो, ते चित्र तसं अलीकडचं आहे. त्याआधीची कित्येक दशकं समाज द्यायचा आणि खेळाडू घ्यायचा. आपल्याकडच्या खेळाडूंच्या दानाचा इतिहास सांगायचा तर सुरुवात वर्गणीपासूनच करावी लागते.

गावच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. फडासाठी घरटी वर्गणी निघते. हलगी कडाडत असते आणि माईकवरचा माणूस अखंड बोलत असतो. अमक्याकडून पैलवानाला एकवीस रुपये, तमक्याकडून एकावन्न. कुस्ती निकाली झाली की जिंकलेला गडी अंगाला माती तशीच लागलेली असताना कडेकडेने फिरतो आणि बसलेली माणसं त्याच्या हातात नोटा ठेवतात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी याच प्रकाराला राजाश्रय दिला, तालमी उभ्या केल्या, पैलवानांच्या खुराकाची सोय लावली, खासबाग मैदान बांधलं. पैलवान हा गावाने किंवा राजाने पोसायचा असतो, ही समजूत तिथून पक्की झाली. वस्ताद मात्र उलट्या बाजूला असायचा. स्वतःची कुस्ती संपली की पोरांना घडवायचं, आणि त्याचे पैसे मागायचे नाहीत. याला कुणी समाजसेवा म्हणत नव्हतं.

क्रिकेट शहरातलं, पैसेवाल्यांचं. तिथे मदतीचा रिवाज इंग्रजांकडून आला, पण त्याला मुंबईने आपलं रूप दिलं. १९४२ च्या ऑक्टोबरात बंगालच्या मेदिनीपूर किनाऱ्याला चक्रीवादळाने झोडपलं. त्याच सुमाराला तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या विजापूर जिल्ह्यात दुष्काळ होता. १९४२-४३ च्या हंगामात मुंबईत मदतीचा सामना झाला, तोही प्रथम श्रेणीचा. संघांची नावं होती ‘बंगाल सायक्लोन इलेव्हन’ आणि ‘बिजापूर फॅमिन इलेव्हन’. एका बाजूला वादळ, दुसऱ्या बाजूला दुष्काळ! आज एखाद्या जाहिरात कंपनीने असं नाव सुचवलं तर त्यांना हाकलून देतील. क्रिकेटच्या नोंदवह्यांत मात्र ती नावं अजून तशीच आहेत.

अशा सामन्यात खेळाडू काय देत होता? स्वतःच्या खिशातले पैसे नव्हे, कारण खिशात फारसं काही नसायचंच. तो आपलं खेळणं देत होता. लोक त्याला बघायला तिकीट काढायचे आणि ते पैसे निधीत जायचे. मूळचे नागपूरचे सी. के. नायडू आपला शेवटचा प्रथम श्रेणी सामना १९६३-६४ मध्ये खेळले, तोही मदतीसाठीचाच. महाराष्ट्राच्या राज्यपालांचा संघ विरुद्ध मुख्यमंत्र्यांचा संघ. नायडूंचं वय तेव्हा ६८ होतं.

आता खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने, आणि सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पुन्हा पैशांचा प्रश्न. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापुरात आजही सांगितली जाते. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने १५१ बैलगाड्यांची मिरवणूक काढली.

मिरवणुकीचं वर्णन सगळीकडे येतं, मला त्यापुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. मिरवणूक आटोपल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, त्या जिंकल्या आणि आलेले पैसे प्राचार्यांच्या हवाली केले. घर सुटलं. ही देणगी नव्हती, फेड होती. मराठीत या दोन शब्दांत मोठं अंतर आहे. देणगी देणारा वरच्या पायरीवर उभा असतो, फेडणारा घेणाऱ्याच्या बरोबरीला येतो. पुढे खेळाडूंनी समाजासाठी जे केलं त्यातलं टिकाऊ काम बहुतेक फेडीच्या भावनेतूनच झालंय, असं माझं मत आहे.

वर्गणीच्या त्या काळात देणाऱ्या बाजूला उभा असलेला एक मोठा खेळाडू होता, आणि त्याचं नाव या संदर्भात फार कमी घेतलं जातं. विजय मर्चंट. घरच्या कापड गिरण्या, त्यामुळे पैशांची ददात नव्हती. क्रिकेट संपल्यावर विविध भारतीवर त्यांचा कार्यक्रम लागायचा, त्यामुळे त्यांचा आवाज घराघरात पोचलेला. ही प्रसिद्धी आणि गिरणीमालकाचं वजन, दोन्ही त्यांनी अपंग आणि अंध व्यक्तींच्या कामाला लावलं. अपंगांना गिरणीत नोकऱ्या दिल्या. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेशी ते दीर्घकाळ जोडलेले होते.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले होते. आधी बॉक्सिंग करायचे, मग पोहायला लागले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकला जायचं होतं, आणि त्यांच्या प्रवासखर्चाला मर्चंट यांच्या संस्थेने हात दिला. पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये विश्वविक्रमी वेळेत सुवर्णपदक जिंकलं. भारताचं हे पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. एका क्रिकेटपटूच्या प्रसिद्धीतून दुसऱ्या खेळातलं पदक उभं राहिलं. पेटकरांना पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं.

मर्चंट अपवाद होते. बाकीच्यांची स्थिती काय होती ते १९८३ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकून संघ परतला आणि बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाच्या तिजोरीत पुरेसे पैसे नाहीत असं निघालं. मंडळाचे अध्यक्ष होते नागपूरचे एन. के. पी. साळवे. क्रिकेट प्रशासक राजसिंह डुंगरपूर यांनी लतादीदींना गळ घातली. दिल्लीत त्यांचा कार्यक्रम झाला, दीदींनी मानधन घेतलं नाही. जमलेल्या सुमारे २० लाखांतून प्रत्येक खेळाडूला एक लाख मिळाले. जगज्जेत्या संघासाठी गायिकेने निधी जमवायचा! आज हे तरुण पोरांना सांगितलं तर त्यांना थट्टा वाटते. फडातल्या वर्गणीचीच ही मोठी आवृत्ती होती. माईक तोच, आवाज मात्र लता मंगेशकरांचा.

सरकारलाही तेव्हाच जाग आली होती. हलाखीत दिवस काढणाऱ्या खेळाडूंसाठी केंद्राने १९८२ मध्ये राष्ट्रीय कल्याण निधी सुरू केला. त्याच्या वर्षभर आधी शारजात तिथले उद्योजक अब्दुल रहमान बुखातिर यांनी क्रिकेटर्स बेनिफिट फंड सीरिज सुरू केली होती. १९८१ चा पहिला सामना गावसकर एकादश आणि मियाँदाद एकादश यांच्यात झाला. प्रत्येक स्पर्धेतून भारत-पाकिस्तानच्या जुन्या खेळाडूंना थैल्या मिळायच्या. शारजाला पुढे सट्टेबाजीचा डाग लागला ते वेगळं, पण निवृत्त खेळाडूच्या म्हातारपणाची व्यवस्था कुणीतरी करायला हवी हा विचार तिथे ठळकपणे मांडला गेला. भारतीय मंडळाने निवृत्तिवेतन सुरू केलं ते २००४ च्या सुमारास.

गावसकरांनी ही बाजू जवळून पाहिली होती. १९९९ मध्ये त्यांनी चॅम्प्स फाउंडेशन काढलं, अडचणीत असलेल्या माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंना मदत करण्यासाठी. तेही फक्त क्रिकेटपटूंसाठी नव्हे. या संस्थेचा गाजावाजा कमी झाला. पूर्वी देशासाठी खेळलेल्या माणसाला मदत लागते हे जाहीर करताना त्याचा मानही राखावा लागतो, त्यामुळे असं काम मोठे फलक लावून होत नाही.

दरम्यान पैशांचा प्रवाह उलटा फिरला होता. उपग्रह वाहिन्या आल्या, प्रक्षेपणाचे हक्क विकले जाऊ लागले, आणि १९९५ मध्ये मार्क मस्कारेन्हस यांच्या वर्ल्डटेल या क्रीडा-विपणन कंपनीने तेंडुलकरशी कोट्यवधींचा करार केला. खेळाडू पहिल्यांदाच देण्याच्या स्थितीत आला. २०१२ मध्ये मंडळाने आयपीएलच्या पैशांतून जुन्या खेळाडूंना एकरकमी रकमा वाटल्या, काहींना दीड कोटीपर्यंत. १९८३ ते २०१२. एकोणतीस वर्षांत केवढा फरक.

तेंडुलकरच्या बाबतीत दोन प्रकारची कामं वेगळी करून बघायला हवीत, कारण बातम्या ती एकत्र करतात. एक काम घरातून आलेलं. त्याच्या सासूबाई अॅनाबेल मेहता ‘अपनालय’ या संस्थेत कित्येक वर्षं काम करत आल्या. गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्या, देवनारच्या कचराभूमीच्या कडेची मुलं. या संस्थेमार्फत तो दरवर्षी २०० मुलांचा भार उचलतो असं सांगितलं जातं. क्रिकेट खेळत असताना त्याने याची फार जाहिरात केली नाही. २०११ मध्ये शाळांतल्या स्वच्छतागृहांसाठी बारा तासांचा टीव्ही कार्यक्रम झाला, त्यातून सुमारे सात कोटी जमले. तिथे त्याने दिला तो चेहरा आणि वेळ. शेजारी शीतपेय कंपनीचं नावही होतं, हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

दुसरं काम खासदार म्हणून केलेलं. २०१२ ते २०१८ तो राज्यसभेत होता. आदर्श ग्राम योजनेत आधी नेल्लोर जिल्ह्यातलं पुट्टमराजू कंद्रिका आणि मग उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं डोंजा ही गावं त्याने दत्तक घेतली. परंडा तालुक्यातलं डोंजा पाण्याला आसुसलेलं गाव. पाणीयोजना, शाळेची इमारत, रस्ते, गटारं यांसाठी निधी मंजूर झाला. सचिनने गाव दत्तक घेतलं अशी बातमी आली. पण पैसा खासदार निधीतला होता, म्हणजे तुमच्याआमच्या कराचा. तो नीट वापरला हे चांगलंच, फक्त त्याला दान म्हणता येत नाही. दान म्हणायचं तर खासदारकीच्या पगार-भत्त्याचे जवळपास ९० लाख त्याने पंतप्रधान मदत निधीला दिले, त्याला म्हणावं. संसदेतल्या हजेरीवर टीका करणाऱ्यांनी ही नोंदही शेजारी लिहून ठेवायला हरकत नाही.

आणि शीतपेय. २००१ मध्ये ऑल इंग्लंड बॅडमिंटन जिंकल्यावर पुलेला गोपीचंदकडे शीतपेयाच्या जाहिरातीचा प्रस्ताव आला होता. मी स्वतः पीत नाही, मुलांना कसं सांगू, असं म्हणून त्याने तो नाकारला. पुढे हैदराबादच्या गच्चीबोलीत सरकारने अकादमीला जमीन दिली, पण बांधायला पैसे नव्हते. गोपीचंदने आपलं घर गहाण टाकलं. उद्योजक निम्मगड्डा प्रसाद यांनी पाच कोटी दिले आणि अकादमी उभी राहिली. सायना, सिंधू, श्रीकांत तिथून निघाले. १९५२ मध्ये खेळाडूसाठी प्राचार्याने घर गहाण टाकलं, इथे खेळाडूनेच पुढच्या खेळाडूंसाठी टाकलं. पी. टी. उषाने केरळात अॅथलेटिक्सची शाळा काढली, प्रकाश पदुकोण आणि गीत सेठी यांनी ऑलिंपिकच्या तयारीला पाठबळ देणारी ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट ही संस्था. ही सगळी वस्तादाची परंपरा आहे, फक्त तालमीऐवजी सिंथेटिक कोर्ट आणि आहारतज्ज्ञ.

२०१३ च्या कंपनी कायद्याने आणखी एक वळण आणलं. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं आलं, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षणही बसवलं गेलं. कंपनीला विश्वासाचा चेहरा हवा होता, खेळाडूच्या संस्थेला पैसा. दोघांची गाठ पडली. यातून काही उत्तम कामं झाली, आणि मोठ्या आकाराच्या पुठ्ठ्याच्या धनादेशासोबतचे पुष्कळ फोटोही.

गोळेश्वरचं काय झालं? २००९ मध्ये सरकारने खाशाबांच्या नावाने तिथे कुस्ती संकुल जाहीर केलं. वर्षं गेली, निधीच्या घोषणा झाल्या, संकुल काही उभं राहिलं नाही. २०१७ मध्ये त्यांच्या मुलाने जाहीर केलं की हेलसिंकीचं कांस्यपदक लिलावात काढू आणि त्या पैशांतून गावच्या पोरांसाठी तालीम बांधू. खाशाबा तेव्हा जाऊन तेहतीस वर्षं झाली होती.