चीगाँग बोधिधर्माने शिकवलं? नाही हो!

तो फॉरवर्ड परत फिरतोय, की आपल्या भारतातल्या बौद्ध भिक्खू बोधिधर्माने चीनमधल्या शाओलिन मठात जाऊन चिन्यांना चीगाँग, म्हणजे श्वासाचे आणि हालचालींचे व्यायाम शिकवले. ऐकायला भारी वाटतं पण तारखाच जुळत नाहीत ना! बोधिधर्म इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातला, आणि चीनमधल्या चांगशा शहराजवळ मावांगदुईला १९७० च्या दशकात जी कबर उघडली ती इ.स.पू. १६८ ची, त्यात रेशमावर रंगवलेली ४४ माणसं सापडली, बाया-पुरुष दोन्ही, कोणी हात वर ताणलेत, कोणी वाकलंय, आणि काही आसनांना चक्क अस्वल-माकडाची नावं. म्हणजे हा माणूस जन्मायच्या कितीतरी आधीपासून तिकडे हे चालू होतं. बोधिधर्माचं म्हणून ज्या 'यीजिनजिंग' या व्यायामाच्या पुस्तकाचा हवाला देतात ते साधारण १६२४ चं, प्रस्तावनेत मात्र जुनी तारीख ठोकून दिलीय 😄