सुरक्षेसाठी दिलेला मोबाईल नंबर आणि सीमाभागातली दोन सिमं

ऑनलाइन खात्याला मोबाईल नंबर जोडायची सवय आपल्याला बँकांनी लावली. कार्ड समोर नसताना होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांना रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009 पासून जादा पडताळणी सक्तीची केली आणि एसएमएसने येणारा ओटीपी हळूहळू घरोघर पोचला. 2011 मध्ये गूगलने दोन टप्प्यांची पडताळणी सगळ्यांना खुली केली. नुसता पासवर्ड चोरून भागू नये, एवढाच हेतू होता आणि तो रास्तच होता. घोळ झाला तो नंबर हातात आल्यावर कंपन्यांनी त्याचं काय केलं यात.

2018 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की सुरक्षेसाठी दिलेला नंबर फेसबुक जाहिरातींसाठीही वापरतं. जाहिरातदार आपल्या गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी चढवतो, कंपनी ती आपल्याकडच्या नंबरांशी जुळवते. म्हणजे बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानात बिलासाठी सांगितलेला नंबर आणि खात्याच्या कुलपासाठी दिलेला नंबर एकच निघाला, की माणूस ओळखला गेला. 2019 मध्ये 5 अब्ज डॉलरच्या दंडासोबत फेसबुकला हा वापर बंद करावा लागला. ट्विटरने 2013 ते 2019 हेच केलं आणि 2022 मध्ये 15 कोटी डॉलर भरले. दरम्यान 2021 मध्ये फेसबुकवरचे 53 कोटींहून अधिक लोकांचे नंबर उघड्यावर आले. संपर्कयादीवरून मित्र शोधायची सोय वापरून ते आधीच खरवडून काढलेले होते. असा विश्वासघात झाल्यावर लोक नंबर द्यायला कचरतात, यात नवल नाही.

आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी मोबाईल सेवेच्या कर्नाटक सर्कलमध्ये, म्हणजे विभागात. चंदगड, गडहिंग्लज, कागल महाराष्ट्र सर्कलमध्ये. हद्द ओलांडली की रोमिंग पडायचं, म्हणून अनेकांनी दोन सिमं घेतली. नंबर पोर्ट करायची सोय 20 जानेवारी 2011 ला देशभर आली, पण सर्कलच्या आतच. 3 जुलै 2015 पर्यंत कोल्हापूरकडचा नंबर बेळगावच्या सर्कलमध्ये आणताच येत नव्हता. नेमक्या त्याच वर्षांत बऱ्याच जणांनी मेल आणि फेसबुक उघडलं, हाताशी होता तो नंबर दिला. पुढे रोमिंगचा खर्च गेला, रिचार्ज महागले आणि दुसरं सिम कपाटात पडलं.

90 दिवस वापर नसला आणि शिल्लकही नसली की कंपनी नंबर बंद करू शकते. बंद नंबर किमान 90 दिवस राखून ठेवून मग नव्या गिऱ्हाइकाला दिला जातो. खात्यात मात्र जुनाच नंबर. नवा मालक त्या नंबराने लॉगिन करू गेला, तर कोड त्याच्याच फोनवर येणार; त्यासाठी तो चोर असायची गरज नाही.

म्हणून एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप घ्यावं. जोडताना खातं दाखवतं त्या क्यूआर कोडमधली गुप्त किल्ली आणि घड्याळ यांवरून ते दर 30 सेकंदांनी सहा अंकी कोड काढतं. त्याला रेंजची गरज नसते, त्यामुळे खानापूरकडच्या जांबोटी-कणकुंबीच्या रानातही चालतं. कोड सारखे चुकत असतील तर फोनची वेळ 'ऑटोमॅटिक' आहे का ते पाहावं. दोष बहुतेकदा तिथेच असतो.

क्रम महत्त्वाचा. आधी ॲप जोडा, मग बॅकअप कोड कागदावर उतरवा (गूगल आठ अंकी दहा देतं, प्रत्येक एकदाच चालतो), आणि शेवटी नंबर काढा. उलट केलंत आणि फोन बिघडला, तर स्वतःच बाहेर अडकाल. गूगलमध्ये नंबर एकाच जागी नसतो: दोन टप्प्यांची पडताळणी, रिकव्हरी फोन आणि वैयक्तिक माहिती, अशा तिन्ही ठिकाणी पाहा. व्हॉट्सॲपला तर नंबर काढायची सोयच नाही. तिथे सहा अंकी पिन लावा आणि सोबत ईमेल जोडा.

बँक आणि आधार यांना नंबर लागतोच. सिम सोडायचं असेल तर आधी या दोन्हीकडे नवा नंबर नोंदवा. आधारसाठी केंद्रावर जाता येतं. बँकेकडून नवा नंबर लागू झाल्याचा मेसेज येईपर्यंत जुन्या सिमला रिचार्ज मारत राहा.